रिलेशनल डेटाबेस सर्व्हरवरील चालू जोडण्या समाप्त करणे : प्रक्रिया, परिणाम आणि जबाबदारी

गोषवारा

रिलेशनल डेटाबेस सर्व्हरशी एकाच वेळी अनेक वापरकर्ते जोडलेले असतात. बॅकअप पुन्हा भरणे, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसविणे किंवा अडकलेले काम मोकळे करणे यांसाठी यांपैकी काही अथवा सर्व जोडण्या तोडणे भाग पडते. जोडणी तोडणे ही वरवर यांत्रिक वाटणारी कृती प्रत्यक्षात अपूर्ण व्यवहार मागे घेण्याची आज्ञा असते. ती आज्ञा कोणास, कोणत्या क्रमाने आणि कोणती पडताळणी करून द्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात पोस्टग्रेस, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल व मायएसक्यूएल या चार प्रणालींच्या आधारे केले आहे.

बीजसंज्ञा : जोडणी, सत्र, व्यवहार, लॉक, रोलबॅक, नोंदवही

प्रास्ताविक

महाविद्यालयातील प्रवेश, परीक्षा, शुल्क आणि ग्रंथालय यांच्या नोंदी आता बहुतेक ठिकाणी कोणत्या ना कोणत्या रिलेशनल डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात. प्रवेशाच्या दिवसांत खिडकीवर रांग असताना पडद्यावरील चक्र फिरत राहते, पुढे काहीच सरकत नाही, आणि ‘सॉफ्टवेअर हँग झाले’ असे म्हणून कोणीतरी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करतो. बहुतेक वेळा त्यानंतर काम सुरळीत चालते, म्हणून हा उपाय सर्वमान्य झाला आहे. परंतु एका अडलेल्या माणसासाठी संपूर्ण सभागृह रिकामे करण्यासारखा तो प्रकार आहे. शिवाय ज्या कारणाने काम अडले ते कारण त्यातून कधीच कळत नाही. डेटाबेस सर्व्हरला नेमकी एकच जोडणी तोडण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. ती कशी चालते आणि ती वापरताना काय पणास लागलेले असते, हे संगणकशास्त्राबाहेरील सहकाऱ्यांनाही समजावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे; कारण त्या तुटलेल्या जोडणीच्या दुसऱ्या टोकाला अनेकदा त्यांनीच भरलेले गुण असतात.

जोडणीचे स्वरूप

ई. एफ. कॉड यांनी १९७० साली रिलेशनल प्रारूप मांडले, तेव्हा त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘सामायिक’ या अर्थाचा शब्द होता. एकच माहिती अनेकांनी एकाच वेळी वापरावयाची, हे या प्रणालीचे मूळ प्रयोजन आहे. त्यासाठी प्रत्येक वापरकर्त्याचे सर्व्हरकडे स्वतंत्र अस्तित्व असावे लागते. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणीसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रक्रिया सुरू होते, तर मायएसक्यूएलमध्ये एकाच प्रक्रियेच्या आत प्रत्येक जोडणीस एक धागा मिळतो. या जोडणीच्या आधाराने चालणाऱ्या संवादास सत्र म्हणतात. सत्राजवळ स्वतःची स्मृती असते, तात्पुरती कोष्टके असतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याने घेतलेले लॉक आणि सुरू केलेला पण अद्याप पूर्ण न केलेला व्यवहार असतो.

जोडण्यांची संख्या अमर्याद नसते. पोस्टग्रेसमध्ये मूळ मांडणीत १०० आणि मायएसक्यूएलमध्ये १५१ इतकी कमाल मर्यादा ठरलेली असते. दोन्ही प्रणाली प्रशासकासाठी थोडी जागा वेगळी राखून ठेवतात: पोस्टग्रेस त्या १०० पैकी ३, तर मायएसक्यूएल १५१ च्या वर आणखी १. सर्व जागा भरल्यावरही कोणीतरी आत येऊन गर्दी हटवू शकावा, ही त्यामागील दूरदृष्टी आहे. मात्र दैनंदिन वापराचे सॉफ्टवेअरच प्रशासकाच्या खात्याने चालविले, तर ही राखीव जागाही तेच व्यापून टाकते.

झोपलेला दिसणारा दोषी

जोडण्यांची यादी पाहणे ही पहिली पायरी होय. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ हे दृश्य, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून ‘सिस.डीएम_एक्झेक_सेशन्स’, ओरॅकलमध्ये ‘व्ही$सेशन’ आणि मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’ ही आज्ञा त्यासाठी आहे. यादी मिळणे सोपे आहे. ती वाचणे मात्र तितके सोपे नाही.

एक उदाहरण घेऊ. लिपिकाने एका विद्यार्थ्याच्या शुल्काची नोंद दुरुस्तीसाठी उघडली, रक्कम बदलली, पण ‘कमिट’ म्हणजे व्यवहार कायम करण्याची आज्ञा देण्यापूर्वीच तो जेवणाच्या सुट्टीत उठून गेला. त्या ओळीवर त्याच्या सत्राचा लॉक आहे. दुसऱ्या खिडकीवरून त्याच विद्यार्थ्याची नोंद बदलू पाहणारे सत्र आता थांबून राहील. तेवढ्यात सॉफ्टवेअर पुरवठादाराचा माणूस त्याच कोष्टकात एक नवीन स्तंभ वाढविण्याची आज्ञा देतो. या आज्ञेस संपूर्ण कोष्टक एकट्याच्या ताब्यात हवे असते, म्हणून तीही थांबते. पोस्टग्रेसमध्ये आता याच्या मागे येणारा प्रत्येक जण, अगदी केवळ वाचण्यासाठी आलेलाही, रांगेत उभा राहतो. दहा मिनिटांत संपूर्ण कार्यालय ठप्प होते.

अशा वेळी यादी पाहिली तर काय दिसते? थांबलेली सर्व सत्रे ‘सक्रिय’ म्हणून दिसतात, कारण त्यांची आज्ञा अद्याप चालू आहे. ज्याने सर्वांना अडविले, त्याच्यापुढे मात्र ‘व्यवहारात असून निष्क्रिय’ अशा अर्थाची नोंद असते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर तो सरळ ‘स्लीपिंग’ म्हणजे झोपलेला दिसतो. अननुभवी प्रशासक सर्वांत व्यस्त दिसणारे सत्र तोडतो, रांगेतील पुढचा तसाच अडतो, मग तो त्यालाही तोडतो. अशा रीतीने निरपराध सत्रांचा बळी जातो आणि मूळ अडथळा जागच्या जागी राहतो. म्हणून कोण काय करीत आहे यापेक्षा कोण कोणाची वाट पाहत आहे, हे आधी विचारावयास हवे. पोस्टग्रेसमध्ये ९.६ या २०१६ च्या आवृत्तीपासून ‘पीजी_ब्लॉकिंग_पिड्स’ हे फलन थेट अडविणाऱ्याचा क्रमांक देते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एसपी_हू२’ च्या निकालात अडविणाऱ्याचा स्तंभ असतो. त्या साखळीचा माग काढीत, जो स्वतः कोणाचीही वाट पाहत नाही अशा सत्रापर्यंत जावे. तोडावयाची जोडणी बहुतेक वेळा ती एकच असते.

अपूर्ण व्यवहाराचे काय होते

व्यवहार पूर्ण होईल किंवा मुळीच झाला नाही असे होईल, मधली स्थिती उरणार नाही, हे रिलेशनल डेटाबेसचे अभिवचन आहे. त्यामुळे चालू सत्र तोडले की त्याचा अपूर्ण व्यवहार सर्व्हरने मागे घेणे क्रमप्राप्त ठरते. यासच रोलबॅक म्हणतात. शुल्काची रक्कम एका शीर्षाखालून कमी झाली आणि दुसऱ्या शीर्षात जमा व्हावयाची राहिली, असे त्यामुळे घडत नाही.

हे साधते ते नोंदवहीच्या आधारे. बदल प्रत्यक्ष कोष्टकाच्या पानावर कायम होण्यापूर्वी त्याची नोंद या वहीत होते. या क्षेत्रातील पायाभूत पद्धत ‘एरीज’ या नावाने ओळखली जाते. आय.बी.एम. मधील सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ती सविस्तर प्रसिद्ध केली. मोहन हे मद्रासच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी होत. या पद्धतीत रोलबॅक करताना केलेला प्रत्येक उलट बदलही नोंदवहीत लिहिला जातो, जेणेकरून रोलबॅक चालू असतानाच वीज गेली तरी मागे घेतलेली गोष्ट पुन्हा मागे घेतली जाऊ नये.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या संपूर्ण विषयात सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट तीच आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तासभर चाललेली मोठी सुधारणा तोडली, तर ती मागे घेण्यासही तासभर, प्रसंगी त्याहून अधिक वेळ लागू शकतो. या काळात सत्र यादीत दिसत राहते, त्याचे लॉक कायम असतात आणि पाहणाऱ्यास वाटते की आज्ञा लागूच पडली नाही. अस्वस्थ होऊन सर्व्हर पुन्हा सुरू केला तर काय होते? सर्व्हर उठताच नोंदवही वाचतो, अपूर्ण व्यवहार शोधतो आणि तेच मागे घेण्याचे काम पुढे चालू करतो. फरक इतकाच की आता, अनेकदा, ते पूर्ण होईपर्यंत संपूर्ण डेटाबेसच सर्वांना बंद राहतो. रीस्टार्टने रोलबॅक टळत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘किल’ या आज्ञेला ‘विथ स्टेटसओन्ली’ जोडल्यास रोलबॅक किती टक्के झाला व किती वेळ शिल्लक आहे, याचा अंदाज मिळतो. तो पाहून थांबणे हाच तेथे उपाय होय. २०१९ च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने जुन्या ओळींच्या प्रती जपून रोलबॅक जवळजवळ तत्काळ करणारी सोय आणली, परंतु ती त्या आवृत्तीत आपोआप चालू नसते.

पोस्टग्रेसचा मार्ग मुळातच निराळा आहे. तेथे ओळ बदलली की जुनी ओळ पुसली जात नाही, नवी प्रत तयार होते. व्यवहार रद्द झाला की तो रद्द झाल्याची केवळ नोंद होते, त्यामुळे रोलबॅक क्षणात उरकतो. निरुपयोगी झालेल्या प्रती मात्र पडून राहतात आणि पुढे ‘व्हॅक्यूम’ नावाची प्रक्रिया त्या झाडून काढते. म्हणजे खर्च टळत नाही. तो पुढे ढकलला जातो.

आता या अभिवचनाची मर्यादाही पाहिली पाहिजे. सर्व्हर केवळ स्वतःच्या कोष्टकांतील बदल मागे घेऊ शकतो. छापून विद्यार्थ्याच्या हाती दिलेली पावती, पालकांच्या भ्रमणध्वनीवर गेलेला संदेश किंवा बँकेकडून वळती झालेली रक्कम रोलबॅकने परत येत नाही. सॉफ्टवेअरने कमिटपूर्वीच पावती छापली असेल आणि त्याच क्षणी जोडणी तोडली गेली, तर विद्यार्थ्याकडे पावती असते आणि डेटाबेसमध्ये नोंद नसते. त्यातच क्रमांकांचा प्रश्न आहे. आपोआप वाढणारे अनुक्रमांक पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर व मायएसक्यूएल या तिन्हींत रोलबॅकबरोबर मागे येत नाहीत. परिणामी पावती क्रमांकांत खंड पडतो. लेखापरीक्षक ‘मधली पावती कोठे आहे’ असे विचारतो, तेव्हा त्याचे उत्तर गैरव्यवहारात नसून चार महिन्यांपूर्वी तोडलेल्या एका जोडणीत असू शकते. सलग क्रमांक ही हिशेबाची अट असेल तेथे असे अनुक्रमांक वापरणेच योग्य नाही.

समाप्तीच्या आज्ञा

पोस्टग्रेसमध्ये दोन पायऱ्या आहेत. ‘पीजी_कॅन्सल_बॅकएंड’ हे फलन चालू असलेली आज्ञा थांबविते, जोडणी राखते. ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’ हे फलन जोडणीच संपविते, ते ८.४ या २००९ च्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. सौम्य उपाय आधी, हा क्रम सर्वसाधारणपणे योग्य आहे. परंतु वर वर्णन केलेल्या जेवणास गेलेल्या लिपिकाच्या बाबतीत पहिला उपाय निष्फळ ठरतो, कारण थांबविण्यासारखी कोणतीही आज्ञा तेथे चालूच नाही. तेथे जोडणीच तोडावी लागते. मायएसक्यूएलमध्ये हाच भेद ‘किल क्वेरी’ आणि ‘किल कनेक्शन’ असा आहे. तेथे आज्ञा दिल्यावर धाग्यावर केवळ एक खूण होते आणि तो धागा ठरावीक टप्प्यांवर ती खूण तपासतो, म्हणून परिणाम दिसण्यास विलंब होऊ शकतो. मायआयसॅम या जुन्या प्रकारच्या कोष्टकावर दुरुस्तीची आज्ञा चालू असताना ती तोडली तर कोष्टक बिघडलेल्या अवस्थेत राहते, हेही लक्षात ठेवावे.

ओरॅकलची आज्ञा सत्र क्रमांकाबरोबर एक अनुक्रमही मागते. सत्र क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले जातात. यादी पाहणे आणि आज्ञा देणे यांमधील अर्ध्या मिनिटात तोच क्रमांक दुसऱ्या कोणाला मिळालेला असू शकतो. अनुक्रम जुळला नाही तर ओरॅकल आज्ञा नाकारते. एसक्यूएल सर्व्हरमध्येही क्रमांक पुन्हा वापरले जातात, पण तेथे असे संरक्षण नाही. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी यादी पुन्हा पाहावी. ओरॅकलमध्ये चालू व्यवहार पूर्ण होऊ देऊन मगच सत्र तोडण्याचा पर्यायही आहे आणि तो अधिक वापरला जावयास हवा.

लिनक्सची ओळख असलेले काही जण या साऱ्यास वळसा घालून कार्यप्रणालीच्या पातळीवर ‘किल -९’ देतात. पोस्टग्रेसच्या बाबतीत हे कदापि करू नये. एक प्रक्रिया अशी अचानक नाहीशी झाली की सर्वांची सामायिक स्मृती बिघडली असावी असे मुख्य प्रक्रिया गृहीत धरते, उरलेल्या सर्व जोडण्या तोडते आणि नोंदवहीतून पुनर्प्राप्ती सुरू करते. एकाला उठविण्यासाठी दिलेली आज्ञा सर्वांना बाहेर काढते.

संपूर्ण डेटाबेस रिकामा करणे

बॅकअप पुन्हा भरताना एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस वापरात असल्याने एकाधिकार मिळत नाही, अशी त्रुटी दाखवितो. तेव्हा एकेक जोडणी तोडत बसणे व्यर्थ असते. आजची सॉफ्टवेअरे जोडण्यांचा संच आधीच उघडून ठेवतात आणि त्यातील एखादी तुटताच दुसरी उघडतात. आपण दहा तोडेपर्यंत पहिल्या पाच परत आलेल्या असतात. म्हणून आधी दार बंद करावे आणि मग खोली रिकामी करावी.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटाबेस ‘सिंगल_यूझर’ स्थितीत नेऊन ‘रोलबॅक इमिजिएट’ दिल्यास दोन्ही गोष्टी एकत्र होतात. ‘रोलबॅक आफ्टर’ देऊन काही सेकंदांची सवलतही देता येते. येथे एक सुप्रसिद्ध सापळा आहे. या स्थितीत एकच आसन उरते; आपण क्षणभर बाहेर पडलो आणि सॉफ्टवेअरच्या एखाद्या जोडणीने ते पटकावले, तर प्रशासकच बाहेर राहतो. त्यामुळे सर्व आज्ञा एकाच सत्रातून सलग द्याव्यात, किंवा सॉफ्टवेअर प्रशासकाच्या अधिकाराने जोडलेले नसेल तर ‘रिस्ट्रिक्टेड_यूझर’ ही स्थिती वापरावी, जीत केवळ विशेषाधिकार असलेल्यांना प्रवेश मिळतो. काम संपल्यावर ‘मल्टी_यूझर’ करण्यास विसरू नये.

पोस्टग्रेसमध्ये जोडणीची परवानगी काढून घेऊन मग सर्व सत्रे तोडता येतात. सर्वाधिकारी खात्यावर मात्र त्या काढून घेण्याचा परिणाम होत नाही. सोयीसाठी सॉफ्टवेअर याच खात्याने जोडलेले असेल, तर ‘अलाउ_कनेक्शन्स’ हा डेटाबेसचाच गुणधर्म नकारार्थी करावा लागतो. डेटाबेस नष्टच करावयाचा असेल तर २०२० च्या १३ व्या आवृत्तीपासून त्या आज्ञेस ‘फोर्स’ हा शब्द जोडता येतो.

माणूस गेला, जोडणी राहिली

वीज गेली आणि खिडकीवरील संगणक बंद पडला, तर सर्व्हरला ते लगेच कळतेच असे नाही. निरोप न घेता गेलेल्या पाहुण्यासारखी ती जोडणी, तिच्या लॉकसह, राहते. लिनक्सच्या मूळ मांडणीत दुसरे टोक जिवंत आहे का हे विचारण्यापूर्वी २ तास वाट पाहिली जाते. मायएसक्यूएल निष्क्रिय जोडणीस मूळ मांडणीत २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास मुभा देते. कार्यालयाच्या वेळेत दोन्ही मुदती फार मोठ्या आहेत. पोस्टग्रेसमध्ये व्यवहार उघडा ठेवून स्वस्थ बसलेले सत्र ठरावीक वेळेनंतर आपोआप तोडण्याची सोय ९.६ या आवृत्तीपासून आहे. मूळ मांडणीत ती बंद असते. ती चालू करून काही मिनिटांची मर्यादा घातली, तर वरील उदाहरणातील लिपिक जेवून येईपर्यंत कार्यालय अडून राहणार नाही.

अधिकार आणि नोंद

सत्र तोडण्याचा अधिकार प्रत्येक प्रणालीत वेगळा देता येतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी ‘ऑल्टर एनी कनेक्शन’ ही परवानगी आहे. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_सिग्नल_बॅकएंड’ ही भूमिका दिल्यास सर्वाधिकारी वगळता इतरांची सत्रे तोडता येतात. प्रयोगशाळा साहाय्यकास हे काम सोपवावयाचे असेल तर तेवढाच अधिकार द्यावा; प्रशासकाचा परवलीचा शब्द भिंतीवरील कागदावर लिहून ठेवण्याचे कारण नाही.

अडचण निराळीच आहे. अनेक कार्यालयांत सर्व जण एकाच वापरकर्ता नावाने जोडलेले असतात. यादीत तेच नाव दहा वेळा दिसते आणि कोणाचे काम तोडले जाणार हे ओळखता येत नाही. तेव्हा संगणकाचे नाव किंवा पत्ता व जोडणीची वेळ यांवरून शोध घ्यावा लागतो, आणि दूरध्वनी करून ‘तुमच्या पडद्यावर काय उघडे आहे’ असे विचारावे लागते. हा दूरध्वनी टाळू नये. त्यास लागणारा एक मिनिट कोणाची तरी तासाभराची गुणनोंद वाचवू शकतो.

जोडणी नेमकी कमिटच्या क्षणी तुटली असेल, तर समोरच्या माणसास त्रुटी दिसते, पण व्यवहार कायम झाला की मागे गेला हे त्या त्रुटीवरून ठरत नाही. त्याने तेच काम पुन्हा केल्यास शुल्क दोनदा जमा होऊ शकते. म्हणून तोडण्यापूर्वीच्या यादीची प्रत जपावी, तिच्यावर वेळ, सत्र क्रमांक आणि आज्ञा देणाऱ्याचे नाव लिहावे, आणि त्या वेळेच्या आगेमागे दिलेल्या पावत्या व भरलेले गुण त्याच दिवशी डेटाबेसमधील नोंदींशी ताडून पाहावेत.